एका कोअरची सवय : बहु-कोअर प्रोसेसर आणि सॉफ्टवेअरच्या संघर्षाचा इतिहास

१/२१
संगणकात आठ कोअरचा प्रोसेसर आहे. टास्क मॅनेजर उघडला की एक आलेख छताला टेकलेला दिसतो आणि उरलेले सात जवळजवळ सपाट. प्रोसेसर धडधाकट, वीजपुरवठा नीट, व्हायरसही नाही. मग त्या सात कोअरना अडवले कोणी? प्रश्न दुरुस्तीच्या दुकानातला वाटतो. त्याचे उत्तर मात्र गेल्या साठ वर्षांच्या इतिहासात विखुरलेले आहे. आजचा धागा त्या इतिहासाचा.

२/२१
जुना दस्तऐवज वाचताना आपण लेखकाने काय लिहिले एवढेच पाहत नाही; त्याने काय न लिहिता गृहीत धरले, हेही शोधतो. सॉफ्टवेअरही असाच दस्तऐवज आहे. १९९० च्या दशकात लिहिलेल्या बहुसंख्य घरगुती आज्ञावल्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती : या यंत्रात काम करणारा एकच आहे. ते गृहीतक कोठेही नोंदवलेले नव्हते. त्यामुळे ते खोटे ठरले तेव्हा दुरुस्त नेमके काय करायचे, हेच कोणाला कळेना.

३/२१
आधी एकाचे अनेक का झाले ते पाहू. १९७४ मध्ये आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की ट्रान्झिस्टर लहान होत गेले तरी तेवढ्याच क्षेत्रफळातला विजेचा खर्च साधारण तेवढाच राहतो. म्हणजे चिप तापू न देता तिचा वेग वाढवता येतो. पुढची तीन दशके संगणक उद्योग याच आश्वासनावर चालला. ट्रान्झिस्टर अतिसूक्ष्म झाले तेव्हा मात्र त्यांतून वीज गळू लागली, उष्णता वाढली आणि हे आश्वासन मोडले.

४/२१
मे २००४ मध्ये इंटेलने 'तेजस' या आगामी प्रोसेसरचा प्रकल्प रद्द केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चाही बेत सोडून दिला. एकाच कोअरला अधिक वेगाने पळवण्याची शर्यत तेथे थांबली. आयबीएमने २००१ मध्येच 'पॉवर ४' या सर्व्हरच्या चिपवर दोन कोअर बसवले होते. २००५ मध्ये इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स २ हे दोन कोअरचे प्रोसेसर घरगुती बाजारात आले.

५/२१
२००५ मध्येच हर्ब सटर यांचा 'द फ्री लंच इज ओव्हर' हा लेख प्रसिद्ध झाला. तोवर प्रोग्रॅमरने काहीही न करता त्याचे सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर आपोआप वेगवान होत असे. सटर यांनी बजावले की ही फुकटची पंगत उठली आहे. यापुढे वेग हवा असेल तर काम वाटून घेणारी आज्ञावली लिहावी लागेल. यंत्र बदलले होते. आता लिहिणाऱ्याला बदलायचे होते.

६/२१
काम वाटण्याच्या मर्यादेचे गणित मात्र बरेच जुने होते. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवले होते की कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो एकूण वेगाला वेसण घालतो. असा भाग १० टक्के असेल, तर आठ कोअरवर काम जेमतेम ४.७ पट वेगाने होते आणि कितीही कोअर लावले तरी दहापटीच्या पुढे जात नाही. तो भाग ५० टक्के असेल, तर आठ कोअर मिळून दुप्पटही वेग देत नाहीत. म्हणून सपाट आलेख दिसला की तो दोषच, असे नाही. काही कामांचा स्वभावच तसा असतो.

७/२१
येथे पुण्याचे एक उदाहरण नोंदवण्याजोगे आहे. सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा समांतर महासंगणक उभा केला. त्यातील प्रत्येक प्रोसेसरजवळ स्वतःची स्मृती होती आणि ते एकमेकांना निरोप पाठवून काम करत. त्याच्यासाठीच्या आज्ञावल्या समांतर कामाच्या दृष्टीनेच रचाव्या लागत. यावरून एक गोष्ट ध्यानात येते : अनेक प्रोसेसर एकत्र आले म्हणून संघर्ष होत नाही. एकासाठी लिहिलेला वारसा अनेकांवर लादला, की संघर्ष सुरू होतो. या संघर्षाची पाच रूपे आता पाहू.

८/२१
पहिला संघर्ष : कुलपाचा.
लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स एका प्रोसेसरच्या ३८६ संगणकासाठी होते. जून १९९६ मधील २.० या आवृत्तीत अनेक प्रोसेसरांची सोय आली. त्यामागचे मोठे काम अ‍ॅलन कॉक्स यांचे. पण कर्नेलचे सारे जुने लेखन रातोरात बदलणे अशक्य होते. म्हणून एक तोडगा निघाला : संपूर्ण कर्नेलला एकच मोठे कुलूप, 'बिग कर्नेल लॉक'. किल्ली एकच. एक प्रोसेसर आत असेल, तर बाकीच्यांनी उंबऱ्याबाहेर थांबायचे.

९/२१
हा तोडगा त्या वेळी शहाणपणाचाच होता. दोन प्रोसेसरांचे संगणक तेव्हा विरळा होते आणि माहितीची नासाडी होण्यापेक्षा थोडे थांबणे बरे. पण तात्पुरती व्यवस्था अंगवळणी पडते. या कुलपाचे काही विचित्र गुण होते : ज्याच्याकडे किल्ली आहे तो ते पुन्हा लावू शकत असे आणि तो झोपी गेला की कुलूप आपोआप सुटत असे. शेकडो ठिकाणचे लेखन नकळत या गुणांवर विसंबू लागले. कुलूप नेमके कशाचे रक्षण करते, हे हळूहळू कोणालाच खात्रीने सांगता येईना.

१०/२१
मग एकेक उपप्रणाली तपासून तिला स्वतःचे लहान कुलूप देण्याचे चिवट काम वर्षानुवर्षे चालले. मोठ्या कुलपाचे शेवटचे अवशेष अर्न्ड बर्गमन यांच्या प्रयत्नांनी मे २०११ मध्ये, २.६.३९ या आवृत्तीत, निघाले. लावायला एक आवृत्ती लागली. काढायला पंधरा वर्षे. कुलूप लावणे सोपे असते. त्याच्या भरवशावर आत काय काय मांडून ठेवले गेले, याचा हिशेब लावणे अवघड.

११/२१
दुसरा संघर्ष : घड्याळाचा.
१९९३ च्या पेंटियममध्ये प्रोसेसरचे ठोके मोजणारा एक गणक आला. अनेक खेळांनी त्याचाच घड्याळासारखा उपयोग केला. कोअर एकच असेतो घड्याळही एकच होते. अ‍ॅथलॉन ६४ एक्स २ मध्ये मात्र प्रत्येक कोअरचा गणक वेगळा होता आणि वीजबचतीमुळे त्यांच्या मोजणीत अंतर पडे. खेळाचे काम एका कोअरवरून दुसऱ्यावर गेले की त्याच्या लेखी काळ पुढे उडी घेई किंवा चक्क मागे जाई. दृश्ये मध्येच भरधाव, मध्येच थिजलेली, असा अनुभव येऊ लागला.

१२/२१
त्यावर लोकांनी काढलेला उपाय बोलका आहे. टास्क मॅनेजरमध्ये त्या खेळाची अ‍ॅफिनिटी, म्हणजे त्याने कोणत्या कोअरवर चालावे ही मर्यादा, एकाच कोअरपुरती ठेवायची. दोन कोअरचे पैसे मोजून एक मुद्दाम वाऱ्यावर सोडायचा! पुढे एएमडीने गणकांतील तफावत सुधारणारे 'ड्युअल-कोअर ऑप्टिमायझर' दिले. हा गणक थेट वाचू नका, प्रणालीने दिलेली कालमापनाची सोय वापरा, असे मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅमरांना बजावले. नंतरच्या प्रोसेसरांत गणकाची गती स्थिर राखण्यात आली. तेव्हाच्या सक्तीच्या मर्यादा काही जुन्या खेळांच्या सेटिंगमध्ये आजही टिकून असतात. कारण संपले तरी निर्बंध उरतो.

१३/२१
तिसरा संघर्ष : मोजदादीचा.
विंडोजमध्ये कोणत्या आज्ञावलीने कोणत्या प्रोसेसरवर चालावे, हे आकड्यांच्या एका ओळीत नोंदले जाते. प्रत्येक प्रोसेसरला एक बिट. ६४-बिट प्रणालीत अशा जागा ६४. पाटी भरली की पुढच्यांना नाव लिहायला जागाच नाही. म्हणून विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर २ पासून प्रोसेसरांचे गट पाडण्यात आले आणि आज्ञावली मुळात एकाच गटात चालू लागली. २०२० मध्ये ६४ कोअर आणि १२८ थ्रेडचा थ्रेडरिपर ३९९० एक्स आला, तेव्हा गटांची जाण नसलेल्या आज्ञावल्यांना निम्मेच यंत्र दिसत होते. विंडोज ११ मध्ये ही मूळ मर्यादा सैल करण्यात आली.

१४/२१
याच संदर्भात एक लोकप्रिय गैरसमज दूर करू. विंडोजच्या एमएसकॉन्फिगमध्ये 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' असा रकाना आहे. तेथे मोठा आकडा निवडला की 'सर्व कोअर सुरू होतात', असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. वस्तुस्थिती उलट आहे. रकाना रिकामा असताना विंडोज सर्वच कोअर वापरते. तेथे खूण केली की त्या आकड्यापुरती मर्यादा घातली जाते. ही सोय चाचणीसाठी आहे. कधी काळी कोणी '१' निवडून विसरून गेले असेल, तर आजची सारी मंदगती त्या एका खुणेची असू शकते.

१५/२१
चौथा संघर्ष : सद्हेतूंचा.
ओपनब्लास हे गणिती सॉफ्टवेअर काझुशिगे गोतो यांच्या गोतोब्लासच्या वंशातले. कामे कोअर बदलत राहिली तर वेग घटतो, म्हणून त्याच्या काही बांधणींत काम विशिष्ट कोअरला बांधून ठेवण्याची सोय चालू असे. दुसरीकडे पायथॉनमध्ये एका प्रक्रियेतून अनेक प्रक्रिया काढून काम वाटण्याची रीत आहे. लिनक्समध्ये मूळ प्रक्रियेची अ‍ॅफिनिटी तिच्या अपत्यांकडे वारशाने जाते. नम्पाय आयात करताच मूळ प्रक्रिया एका कोअरला बांधली गेली आणि तिची आठही अपत्ये त्याच कोअरवर दाटीवाटीने बसली. दोन्ही सोयी वेगासाठीच होत्या. एकत्र आल्या आणि वेग आठव्या हिश्शावर आला. अ‍ॅफिनिटी पुन्हा मोकळी करणे किंवा ती सोय बंद ठेवून बांधणी करणे, हा उपाय ठरला.

१६/२१
पाचवा संघर्ष : पहारेकऱ्याचा.
२०२१ च्या अखेरीस इंटेलच्या बाराव्या पिढीत एकाच प्रोसेसरवर दोन जातींचे कोअर आले : काही जोमदार, काही काटकसरी. अनेक खेळांतील नक्कलविरोधी संरक्षणाने काटकसरी कोअरला निराळाच संगणक समजले आणि खेळ अडवला. इंटेलचा तात्पुरता उपाय असा होता : बायोसमध्ये एक सोय चालू करायची आणि कीबोर्डवरील स्क्रोल लॉक दाबून काटकसरी कोअर निजवायचे. कित्येक वर्षे बहुतेकांच्या दृष्टीने निरुपयोगी ठरलेल्या त्या कळीला असे अनपेक्षित काम मिळाले. पुढे खेळांच्या आणि विंडोजच्या सुधारणांनी प्रश्न मिटला.

१७/२१
कामवाटप करणारा मुकादमच चुकला तर? २०१६ मध्ये संशोधकांच्या एका गटाने 'अ डिकेड ऑफ वेस्टेड कोअर्स' हा निबंध मांडला. लिनक्सच्या शेड्युलरमध्ये त्यांना असे दोष सापडले की रांगेत कामे तिष्ठत असताना काही कोअर सेकंदच्या सेकंद रिकामे राहत. एक दोष तर असा, की एखादा कोअर बंद करून पुन्हा चालू केला की कोअरच्या समूहांमधील कामाचे वाटपच थांबे. एका व्यावसायिक डेटाबेसच्या चाचणीत १४ ते २३ टक्के क्षमता अशी वाया जात होती. नेहमीच्या साधनांना हे दिसत नव्हते. संशोधकांना दोष पाहण्यासाठी नवी साधने घडवावी लागली. यंत्र कोसळत नाही, चुकीचे उत्तर देत नाही, फक्त मंद चालते. असा दोष सर्वांत दीर्घायुषी.

१८/२१
आता या इतिहासातील सर्वांत मोठा वाद. १९९२ मध्ये पायथॉनमध्ये थ्रेड आले आणि त्यांच्यासोबत 'ग्लोबल इंटरप्रिटर लॉक' हे कुलूप, म्हणजेच गिल. परिणामी थ्रेड कितीही असोत, एका वेळी पायथॉनची आज्ञा एकच थ्रेड चालवणार. १९९० च्या दशकात ग्रेग स्टाइन यांनी गिल काढून दाखवले. पण एकाच थ्रेडच्या साध्या आज्ञावल्या फार मंदावल्या. २००७ मध्ये पायथॉनचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी अट घातली : साध्या आज्ञावल्यांचा वेग घटणार नसेल, तरच हा बदल स्वीकारू. २०१६ पासून लॅरी हेस्टिंग्ज यांनी पुन्हा प्रयत्न केला. तोही याच खडकावर आदळला.

१९/२१
ही अट प्रगतीच्या आड आली, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण प्रश्न न्यायाचा होता. बहुसंख्य लोकांच्या आज्ञावल्या एकाच थ्रेडच्या. मूठभरांना आठ कोअर मिळावेत म्हणून सर्वांनी वेग का गमवावा? सॅम ग्रॉस यांनी २०२१ मध्ये नवी रचना दाखवली, तिचा प्रस्ताव २०२३ मध्ये स्वीकारला गेला. ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ आवृत्तीत गिलविरहित बांधणी प्रायोगिक स्वरूपात आली, २०२५ मधील ३.१४ मध्ये तिला अधिकृत, पण ऐच्छिक स्थान मिळाले. तरी वारसा हात सोडत नाही : या बांधणीत गिलविना चालण्याची ग्वाही न देणारे एखादे जुने सी-मॉड्यूल आयात केले, की इशारा देऊन गिल पुन्हा लागू होते. पंक्तीतल्या एकाची तयारी नसेल, तर सगळ्यांनी थांबायचे.

२०/२१
या इतिहासातून तपासाचा एक क्रम हाती येतो.
• आधी लक्षण नीट पाहा : एकच कोअर भरलेला आहे, की सर्वच थोडे थोडे? आठ कोअरच्या यंत्रात एकूण वापर १२-१३ टक्क्यांवर अडकला, तर काम बहुधा एकाच थ्रेडमध्ये आहे.
• कोणी मर्यादा घातली आहे का? बायोस, एमएसकॉन्फिग, अ‍ॅफिनिटी.
• आज्ञावली मुळात काम वाटते का? वाटत नसेल, तर तिच्या सेटिंगमध्ये ती सोय शोधा; नसेल तर यंत्राला दोष देऊ नका.
• मर्यादा कधी उमटते? सुरुवातीलाच, की एखादे मॉड्यूल किंवा प्लगइन आल्यावर? एकेक काढून पाहा. एका वेळी एकच बदल करा आणि त्याची नोंद ठेवा.
• जुना उपाय आजही लागू आहे का? काल ज्याने वाचवले, तेच आज अडवत असेल.

२१/२१
तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांच्या तारखांनी सांगितला जातो : अमुक साली दोन कोअर, तमुक साली चौसष्ट. त्या तारखांच्या दरम्यान दुसरा एक इतिहास संथपणे घडत असतो. जुनी कुलपे उघडणाऱ्यांचा, इतरांचे लेखन ओळीओळीने वाचून त्यातली अव्यक्त गृहीतके शोधणाऱ्यांचा. त्यांचे काम यशस्वी झाले की काहीच घडल्यासारखे दिसत नाही. सपाट आलेख हळूच वर चढतात, इतकेच. नवे यंत्र विकत घेता येते. जुनी सवय मात्र कोणाला तरी बसून सोडवावी लागते.

आपल्या संगणकावर असा अडकलेला कोअर कधी सापडला असेल आणि त्याचे कारण शोधले असेल, तर खाली अवश्य लिहा. कोणते सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, कोणता उपाय, एवढे तपशील द्यावेत. उद्याच्या अभ्यासकाला तीच साधने ठरतील.